घराच्या शोधात असलेले कुत्रे: दत्तक घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटका करून आणलेल्या कुत्र्यांना घरं मिळवून देण्याचं काम आम्ही काही जण मिळून करतो. फोनवर, निरोपांतून आणि कुत्रा बघायला आलेल्यांच्या तोंडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. "कुठलंही चालेल, पण लवकर घर मिळू दे त्याला," असं लोक कळवळून म्हणतात. आम्हाला मात्र "कुठलंही" चालत नाही. न जुळलेल्या घरातून परत आलेला कुत्रा आधीपेक्षा जास्त बिथरलेला असतो. म्हणून इथली बरीच उत्तरं जुळणीबद्दलच आहेत.

१. सुटका केलेले कुत्रे म्हणजे सगळे रस्त्यावरचेच का?

नाही. काहींना अपघात झालेला असतो, काहींना घरच्यांनीच सोडून दिलेलं असतं, काहींना सांभाळणारं माणूस वारलेलं असतं. पैदाशीसाठी वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्या येतात, आणि साखळीच्या लांबीपलीकडचं जग कधी न पाहिलेले कुत्रेही येतात. हा पूर्वेतिहास जितका माहीत असेल तितका विचारून घ्या. माणूस गेल्यामुळे आलेला कुत्रा घरात राहायला सरावलेला असतो, फक्त दुःखात असतो. पिंजऱ्यातून आलेल्या मादीला जिना चढता येत नाही, गवतावर पाय टाकायला ती बिचकते, दार उघडं असलं तरी उंबऱ्यातच थांबते. दोघांनाही घर हवंय, पण एकच घर दोघांना मानवेल असं नाही.

२. आमच्या गल्लीत एक कुत्रा रोज दिसतो. त्याला घरी आणलं तर?

रस्त्यावर दिसणारा प्रत्येक कुत्रा घर शोधत नसतो. अंगाने भरलेला, ठरलेल्या जागी झोपणारा, चार माणसं ज्याला खायला घालतात असा मोठा कुत्रा त्या जागेचाच असतो. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून घेतलंत तर त्याच्यासाठी खूप केलंत. मोकळं वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला चार भिंतींत आणलं की अनेकदा त्याची नुसती घुसमट होते.

घराची गरज असलेला कुत्रा वेगळा दिसतो. तो अचानक उगवलेला असतो, मानेवर पट्ट्याचा वण असतो, थांबणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो धावतो आणि बाकीच्या कुत्र्यांना घाबरून कुठेतरी दबून बसतो. असा कुत्रा बहुधा हरवलेला किंवा सोडून दिलेला असतो. आधी पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-क्रमांकाची चिप) आहे का ते तपासा आणि आसपास चौकशी करा. कोणीतरी त्याला शोधत असू शकतं. मादीचे सड दुधाने भरलेले दिसले तर तिला हलवण्याआधी पिल्लं शोधा. हे आम्ही चुकीतून शिकलो. जखमी आईला दवाखान्यात नेलं आणि तिची पिल्लं रात्रभर उपाशी राहिली.

३. पिल्लू घ्यावं की मोठा कुत्रा? मोठ्याला आमचा लळा लागेल का?

लागतो. दहा वर्षांच्या कुत्र्यालाही लागतो.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पिल्लू हवं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दोन-तीन वर्षांचा कुत्रा जास्त मानवेल असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो: माणसांशी कसा वागतो, आवाजाला दचकतो का, किती दमवावा लागतो. पिल्लाचं हे सगळं अजून घडायचं असतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्यासाठी फार नाजूक असतो. तेव्हा त्याने जी माणसं, आवाज, जागा पाहिल्या त्या त्याला आयुष्यभर ओळखीच्या वाटतात. तेवढा वेळ देणारं कोणीतरी घरात लागतं. शिवाय शू धरून ठेवणं. ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, फार तर तितके तास किंवा एखादा जास्त. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्रीही उठावं लागतं. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के येऊ लागतात, तेव्हा ते समोर येईल ते चावतं. हे सगळं आनंदाने करणार असाल तर पिल्लू जरूर घ्या.

४. आम्ही दोघंही दिवसभर कामावर असतो. कुत्रा पाळणं चुकीचं ठरेल का?

पिल्लू असेल तर हो. शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा असेल आणि दुपारी कोणीतरी येऊन त्याला बाहेर नेणार असेल, तर नाही. प्रौढ कुत्रे दिवसातला बराच वेळ झोपतातच. पण आधीच एकटेपणाला घाबरणारा कुत्रा अशा घरात देऊ नये (प्रश्न १५ पाहा). सकाळ-संध्याकाळचा वेळ मात्र त्याचाच धरायचा. "सुट्टीच्या दिवशी भरपूर फिरवू" या आश्वासनावर आम्ही कुत्रा देत नाही.

५. घरात लहान मूल आहे. सुटका केलेला कुत्रा सुरक्षित असतो का?

कुत्रा कुठून आला यापेक्षा त्याने आधी मुलं पाहिली आहेत का, आणि मूल त्याच्याशी कसं वागतं, यावर ते ठरतं. मुलांसोबत राहिलेला, अंगाला हात लावू देणारा, खाताना कोणी जवळून गेलं तरी न ताठरणारा कुत्रा बघावा. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडू नये, अगदी पाच मिनिटंही. मोठं माणूस हातातल्या फोनमध्ये नव्हे, त्या दोघांकडे बघत बसलेलं हवं.

मुलांना तीन गोष्टी आधीच शिकवा: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही. मिठी माणसाला प्रेमाची वाटते, पण बऱ्याच कुत्र्यांना ती अडकवल्यासारखी वाटते. मिठीत असलेल्या कुत्र्याचे कान मागे जातात, तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. फोटोत हे सगळं गोड दिसतं. प्रत्यक्षात तो "सोडा मला" म्हणत असतो.

६. आमच्याकडे आधीच एक कुत्रा आहे. दोघांची ओळख कशी करून द्यायची?

घरात नाही. बाहेर, जिथे दोघांचाही हक्क नाही अशा जागी. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं. हळूहळू अंतर कमी करायचं. समोरासमोर, नाकाला नाक लावून, ताणलेल्या पट्ट्यांवर भेट घडवणं सगळ्यात वाईट. घरी आल्यावर पहिले काही दिवस जेवणाची भांडी, खेळणी, झोपायच्या जागा वेगळ्या ठेवा. आणि जुन्या कुत्र्याची फिरायला जायची वेळ चुकवू नका.

मांजर असेल तर आठवडाभर तरी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून फक्त वासाची देवाणघेवाण करा: याचं पांघरूण तिकडे, तिचं इकडे. पहिल्या भेटीत कुत्रा पट्ट्यावर आणि मांजराला उंचावर पळायला जागा हवी. मांजरावर नजर खिळवून थिजून उभा राहणारा, हाक मारूनही मान न वळवणारा कुत्रा मांजराच्या घरात देऊ नये. तिथे "सवय होईल" म्हणत वाट बघणं मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

७. मिश्र जातीच्या कुत्र्याचा स्वभाव कसा ओळखायचा? जात माहीत असली तर सोपं नाही का?

वाटतं तितकं नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हजारो कुत्र्यांच्या वागणुकीचा आणि जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. नुसतं बघून मिश्र कुत्र्यात कोणत्या जाती मिसळल्यात हे सांगणंही पुष्कळदा चुकतं. म्हणून तो कुणासारखा दिसतो हे न विचारता, सध्या ज्यांच्याकडे राहतोय त्यांना त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. तात्पुरता सांभाळ करणाऱ्याच्या घरातली एक संध्याकाळ जातीपेक्षा जास्त सांगते.

८. घरात एकाला ॲलर्जी आहे. केस न गळणारा कुत्रा चालेल ना?

ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. नेमक्या त्याच कुत्र्यासोबत वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन तास घालवून बघा आणि डॉक्टरांशी बोला. मगच ठरवा.

९. कुत्रा द्यायचाच आहे, तर तुम्ही इतके प्रश्न का विचारता? घर बघायला का येता?

हा प्रश्न रागाने येतो आणि तो राग आम्हाला समजतो. चांगल्या मनाने आलेल्या माणसाला उलटतपासणी कोणालाच आवडणार नाही. पण आम्ही फरशी किंवा फर्निचर बघत नाही. गच्चीच्या कठड्यातून पिल्लू निसटेल का, फाटकाखाली फट किती आहे, घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आहे का, आणि घरातलं प्रत्येक माणूस तयार आहे का, हे बघतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "आईला आवडत नाही, पण आणल्यावर आवडेल" अशा घरातून कुत्रे परत आलेले आहेत.

आम्ही नाही म्हटलं तर तो बहुतेकदा त्या कुत्र्यापुरता नकार असतो. दुसरा कुत्रा तुमच्याकडे छान रमू शकतो. आणि समोरचा काहीही न विचारता, कागद न करता, रस्त्यातच कुत्रा हातात देऊ लागला, तर तुम्हीच सावध व्हा.

१०. घरी नेण्याआधी त्याच्या कोणत्या तपासण्या झालेल्या असाव्यात?

लसीकरणाची नोंद, जंतनाशक दिल्याची तारीख, नसबंदी झाली असेल तर तिचा कागद, रक्ततपासणी झाली असेल तर तिचा अहवाल. तोंडी "सगळं झालंय" यावर थांबू नका. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्याव्या लागतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला मध्येच निष्प्रभ करू शकते, म्हणून एका डोसवर भागत नाही.

नुकतंच उचललेलं पिल्लू आम्ही किमान दोन आठवडे देत नाही, यावर लोक हट्ट धरतात. न देण्याचं कारण असं की पार्व्होची (पिल्लांना उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या विषाणूची) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदाही. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचे झटके तर कित्येक आठवड्यांनी येऊ शकतात. आज उड्या मारणारं पिल्लू चार दिवसांनी सलाईनवर असू शकतं.

मोठ्या कुत्र्यांमध्ये गोचिडांमुळे होणारा ताप आणि खरूज नेहमी सापडते. दोन्हींवर उपचार आहेत. मादीला किंवा नराला लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त जात असेल तर "माजावर असेल" म्हणून सोडू नका. समागमातून पसरणारी टीव्हीटी नावाची गाठ असू शकते. आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे त्यातून पूर्ण बरे होतात. ही गाठ होऊन गेलेला कुत्रा घ्यायला अजिबात कचरू नका.

११. आमचं आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं. आता दुसरं आणू का?

त्याच घरात इतक्यात पिल्लू नको. हा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने, सावलीच्या ओल्या जागी वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. धुता येईल ते सगळं पातळ केलेल्या ब्लीचने धुवा, भांडी-अंथरूण टाकून द्या. लसीकरण पूर्ण झालेला प्रौढ कुत्रा मात्र आणता येतो. पिल्लू गेलेल्या घरांना आम्ही बहुधा तोच सुचवतो.

१२. घरी आणला तर कोपऱ्यातून बाहेरच येत नाही. आम्ही काही चुकलो का?

नाही. त्याला तुम्ही वाचवलंय हे त्याला माहीत नाही. त्याच्या दृष्टीने त्याला अनोळखी माणसांनी अनोळखी जागी आणून सोडलंय. या कामातले लोक तीन-तीन-तीन असा अंदाज सांगतात: पहिले तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हा नुसता अनुभवाचा ठोकताळा आहे. पिंजऱ्यातून आलेल्यांना वर्षही लागतं.

पहिले दिवस पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, नवनव्या जागी नेऊ नका. एक शांत कोपरा, पाणी, ठरलेल्या वेळा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, वरून डोक्यावर हात नेऊ नका. जमिनीवर थोडं पाठमोरं बसून वर्तमानपत्र वाचत राहा. एका भेदरलेल्या कुत्रीने अकराव्या दिवशी मागून येऊन माझ्या कोपराला नाक लावलं. मी हललोही नाही. तेव्हा हलायचं नसतं.

उलटंही होतं. सुरुवातीला अगदी शहाणा वाटणारा कुत्रा तिसऱ्या आठवड्यात भुंकायला, ओढायला लागतो. तो बिघडला नाही. आधी तो घाबरून गप्प होता.

१३. फार हडकुळा आहे. भरपूर खायला घालू ना?

अजिबात नको. खूप दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, बऱ्याच दिवसांत वाढवत न्या. साधारण तब्येतीच्या कुत्र्यालाही आधीचंच अन्न चालू ठेवून आठवडाभरात नवं मिसळत जा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. ताप आला म्हणून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

१४. खाताना जवळ गेलं की गुरगुरतो. ओरडून त्याची ही सवय मोडावी का?

गुरगुरणं ही सूचना आहे. ती शिक्षेने बंद पाडलीत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावतो. ताट ओढून घेऊन "मालक कोण ते दाखवणं" तर बंदच करा. ज्याने अन्नासाठी रोज भांडण केलंय, त्याची भीती तुम्ही खरी ठरवताय.

त्याऐवजी लांबून जाताना त्याच्या भांड्याकडे त्याला जास्त आवडणारा एखादा तुकडा टाका आणि निघून जा. रोज. तो ताठरत नाही तेवढंच अंतर ठेवा. काही आठवड्यांत माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं, हे त्याच्या मनात बसतं. घरात मूल असेल तर मात्र त्याला बंद दाराआड खाऊ घाला आणि वागणूक-प्रशिक्षकाची मदत घ्या.

चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण तोवर तुमची लस थांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

१५. आम्ही बाहेर पडलो की तो दार ओरबाडतो, शेजारी तक्रार करतात. काय करू?

आधी फोन रेकॉर्डिंगला लावून बघा. बऱ्याच वेळाने कंटाळून चप्पल चावणारा कुत्रा आणि दार बंद होताच धापा टाकणारा, लाळ गाळणारा, रडणारा कुत्रा यांच्यात फार फरक असतो. पहिल्याला जास्त फिरवणं आणि चघळायला काहीतरी देणं पुरतं. दुसरा खराखुरा घाबरलेला असतो, त्याला शिक्षा करणं क्रूर आहे. त्याला काही सेकंदांपासून सुरुवात करून, तो घाबरण्याआधी परत येत, एकटेपणाची सवय लावावी लागते. कधी पशुवैद्य औषधही देतात आणि ते द्यायला लाजू नये. तोवर शक्यतो त्याला एकटं ठेवू नका. आल्यावर पहिल्याच आठवड्यापासून रोज दोन-दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जायला लागलात तर बऱ्याचदा ही वेळच येत नाही.

१६. मायक्रोचिप आहे, मग पळाला तर सापडेलच ना?

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा क्रमांक. तिला बॅटरी नसते, ती ठावठिकाणा सांगत नाही. कोणीतरी कुत्रा पकडून यंत्राने तपासला आणि नोंदीत तुमचा चालू फोन असला तरच उपयोग. म्हणून गळ्यात नंबर कोरलेला बिल्लाही हवा.

नवे कुत्रे बहुधा पहिल्या काही दिवसांतच निसटतात, तेही दारातून किंवा गाडीचं दार उघडताना. म्हणून सुरुवातीला गळ्यातला पट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस दोन्ही, आणि दोन दोऱ्या. पळालाच तर मागे धावू नका, नाव घेऊन ओरडू नका. घाबरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो. जिथून गेला तिथे तुमचा घामट कपडा आणि खाणं ठेवा, दिसला तर जमिनीवर बसा, नजर दुसरीकडे ठेवा. आणि आम्हाला लगेच कळवा. संकोचून दोन दिवस थांबलेल्यांचे कुत्रे फार लांब गेलेले असतात.

१७. आमचं खरंच जमत नाहीये. परत दिला तर तुम्ही काय म्हणाल?

घेऊ. कधीही, सहा वर्षांनीसुद्धा. दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नका आणि सोडून तर मुळीच नको. तीन आठवड्यांच्या आत असाल तर आधी प्रश्न १२ वाचा, बऱ्याचदा थोडा वेळच कमी पडलेला असतो. पण मूल घाबरलंय किंवा जुना कुत्रा जखमी झालाय, तर वाट बघू नका. परत देताना त्याने काय काय केलं ते खरं खरं सांगा. लाज वाटून लपवलेली एखादी गोष्ट पुढच्या घराला महागात पडते. "सायकल दिसली की बिथरतो" एवढ्या एका वाक्यावरून आम्ही एका कुत्र्यासाठी अगदी वेगळं घर शोधलं, आणि तो तिथेच आहे.

१८. बहिरा, आंधळा, तीन पायांचा कुत्रा सांभाळणं फार अवघड असतं का?

तीन पायांचे कुत्रे लोकांच्या कल्पनेपेक्षा खूप लवकर धावायला लागतात. फक्त वजन वाढू द्यायचं नाही. बहिऱ्याला हातवाऱ्यांनी शिकवता येतं, पण मोकळ्या जागी त्याला दोरीवरच ठेवावं आणि झोपेतून उठवताना आधी जमिनीवर पाय आपटून कंप जाणवू द्यावा. आंधळ्यासाठी सामान हलवू नका, बस. मागच्या पायांतला जोर गेलेल्यांचं मात्र खरोखर कष्टाचं आहे. अनेकांची शू दिवसातून तीन-चार वेळा दाबून काढावी लागते. हे आम्ही आधी करून दाखवतो, तुमच्याकडून करून घेतो, मगच पुढचं बोलतो.

१९. जोडीने आलेले दोघं कुत्रे एकमेकांशिवाय राहत नाहीत म्हणता. आम्हाला एकच हवा असेल तर?

सगळ्या जोड्या अतूट नसतात. काही दिवस वेगळं ठेवून बघतो. दोघंही खातात, खेळतात, तर वेगळी घरं चालतात. एकाने खाणं सोडलं तर ती जोडी एकत्रच जाते, कितीही वेळ लागला तरी. एकाच वेतातली दोन पिल्लं एकत्र देणं मात्र आम्ही शक्यतो टाळतो. ती एकमेकांतच गुंततात आणि माणसांकडे लक्ष देईनाशी होतात.

२०. माझं वय बहात्तर आहे. मला कोणी कुत्रा देईल का?

आम्ही देऊ. दिवसभर घरात असणारं माणूस, ठरलेल्या वेळा, शांतता: म्हाताऱ्या कुत्र्याला याहून जास्त काय हवं? पिल्लू नका मागू. ते बारा-पंधरा वर्षं जगेल आणि तुम्हाला ओढून पाडेल. आठ-नऊ वर्षांचा, हळू चालणारा कुत्रा बघा, जो वयामुळेच आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस पडून राहिलेला असतो. दोन गोष्टी लागतात: तुम्ही दवाखान्यात असाल त्या दिवसांत त्याला कोण बघेल, आणि तुमच्यानंतर तो कोणाकडे जाईल. त्या माणसाला आम्ही भेटतो आणि त्याचं नाव दत्तकपत्रावर तुमच्या नावाखाली लिहून घेतो. असं कोणीच नसेल, तर तिथे आमचं नाव लिहितो.